मुक्काम मनोरीत, गळ चार पाण्यांत : तुमचे अनुभव लिहा

गोरेगावकर

मुंबईतल्या गळवाल्यांना मालवण-दापोली गाठल्याशिवाय मासेमारी केल्यासारखं वाटत नाही. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत मनोरी. मनोरी, गोराई, उत्तन मिळून जुनं धारावी बेट (झोपड्यांची धारावी ती वेगळी). गावात घरगुती खोली घ्यायची. पूर्वेला खाडी, पश्चिमेला उघडा समुद्र, मध्ये कातळ आणि पुळण (वाळूचा किनारा), सगळं सायकलने फिरण्यासारखं. २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो (गाड्याही नेणारी फेरीबोट) सुरू झाल्यापासून वसईचं गोडं पाणीही हाताशी आलंय.

माझं प्रेम खाडीवर, म्हणजे जिताड्यावर. भरती लागून पाणी खारफुटीच्या मुळांत शिरायला लागलं की बोय माशाची पिल्लं कडेकडेने चढतात आणि जिताडा त्यांच्या मागावर येतो. जिवंत कोळंबी शेपटीच्या कांड्यातून टोचायची, डोक्यातून नाही, म्हणजे ती बराच वेळ उडत राहते. मासा लागला की तो पाण्याबाहेर उसळून डोकं झाडतो, त्या क्षणी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सैल पडता कामा नये. कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, तंगूसही कापतं आणि बोटंही. त्यामुळे शेवटच्या हातभर लांबीला जाड तंगूस बांधायची आणि मासा खालच्या जबड्याला धरून उचलायचा.

आणखी एक. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा बहुतेक मादीच. पावसाळ्याच्या तोंडाला असा मोठा मासा लागला तर मी सोडतो. तुम्हीही सोडा अशी कळकळीची विनंती.

आता तुम्ही लिहा. कुठलं पाणी, कुठली वेळ, काय आमिष, हे नक्की सांगा.

वेसावची_लेक

दादा, जागेच्या आधी भरती सांगा. नवीन माणूस शनिवार-रविवार बघून येतो आणि चिखलाकडे बघत बसतो.

आमच्याकडे हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. थोडा मागेपुढे फरक धरायचा, आणि रोज भरती पाऊण तासाहून जरा जास्त पुढे सरकते. म्हणजे तुमच्या खाडीत उजाडताना चढतं पाणी हवं असेल तर अष्टमी-नवमी बघून या. कातळावर जायचं असेल तर पुनव-अवस बरी, कारण तेव्हा पहाटे सहाला ओहोटी असते आणि खडक दूरवर उघडे पडतात.

उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं, ओढ जबर असते, हलकं शिसं (गळाला लावायचं वजन) तळाला टिकत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमजोर असते तेव्हा, ओढ कमी, पाणी जरा निवळ, लहान शिशावर भागतं. शिकायला भांगच चांगला.

दादरकर_आई

वरच्या ताईंचा हिशेब वहीत उतरवून घेतला.

आमचा अनुभव कातळावरचा. रॉड नाही, रीळ नाही, प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, एक गरी (गळाचा आकडा) आणि नटाएवढं वजन. माझ्या मुलीला हेच जास्त आवडतं, कारण मासा थेट बोटाला कळतो. आधी टक टक असं नुसतं चाचपणं, मग एकदम ओढ. चाचपणं चालू असताना ओढायचं नाही, एवढं तिला एका सकाळीत समजलं. कोळंबी सोलून तिचा पेराएवढा तुकडा लावतो. खडकांच्या घळीत तांबोशी मिळते, कधी हेकरू, कधी करकरा. करकरा वर काढला की खरंच करकर आवाज करतो, मुलगी त्याला कानाशी धरून ऐकते आणि मग पाण्यात सोडते.

कालवांनी भरलेला खडक अनवाणी पायाने चढायचा नाही. चपलाही नकोत, पाय घट्ट धरणारे बूट हवेत. आणि समुद्राकडे पाठ करून गरी सोडवत बसायचं नाही. ओहोटी संपून पाणी फिरलं की मागची घळ आधी भरते, तेव्हा परतीची वाट कुठली ते आधीच बघून ठेवावं.

बोरिवलीकर७

पुळणीवर रावस. पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असतं, ते निवळलं की सुरुवात. लांब रॉड लागतो, कारण गळ फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे पडायला हवा. पण तुम्हाला एक सांगतो, सगळा जोर लांब फेकण्यात घालवू नका. ओहोटीला येऊन रिकामी पुळण बघा. कुठे लांबट खळगा आहे, कुठे पाणी वाहून चर पडलाय, ते लक्षात ठेवा. भरतीला मासा त्याच चरातून आत येतो, आणि पुष्कळदा अगदी जवळून. उजाडतानाची भरती सगळ्यांत चांगली. आमिष मांदेली किंवा कोळंबी.

रावसाच्या छातीच्या परांखाली बारीक धाग्यांसारख्या मिशा असतात. गढूळ पाण्यात तो त्यांनी तळ चाचपत चालतो. म्हणून आमिष तळाशी, आणि ताजं. बर्फातलं शिळं आमिष त्याला कळतं असा माझा ठाम समज आहे.

नवखा_ठाणे

सुरुवातीला कोणता रॉड घेऊ? बजेट कमी आहे.

गोरेगावकर

घेऊच नका. दादरच्या ताईंसारखी बाटली आणि तंगूस घ्या. एक मोसम हाताने गरवलंत की रॉड कसा हवा ते तुम्हालाच कळेल.

वसई_वाडीवाला

रो-रोचं नाव निघालं म्हणून लिहितोय. आमच्याकडे वाड्यांमध्ये बावखलं आहेत. बागायतीला पाणी घ्यायला पूर्वजांनी खणलेली गोड्या पाण्याची तळी. ती बहुतेक खाजगी किंवा गावकीची असतात, तेव्हा आधी घरात जाऊन विचारा. विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, न विचारता बसलात तर वाद होतो आणि तो रास्त असतो.

गळाला लागतो तो मरळ. पाणवनस्पतीच्या कडेला बेडूक पोहल्यासारखं काही हललं की झडप घालतो. गांडुळावरही येतो. पण पावसाळ्यात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका एकत्र वरखाली होताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, आणि पिल्लांजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. त्यामुळे त्या दिवसांत ते सहज लागतात. त्यांना काढलं की तो सगळा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो.

लहानपणी ज्यात मासे धरले त्यातली कित्येक बावखलं भराव घालून बुजवली. वरती इमारती आल्या, आणि आता पाऊस पडला की गल्लीत पाणी. उरलेली टिकली तर त्यांत मासेही टिकतील. गळवाल्यांनी याबद्दल बोललंच पाहिजे.

कुलाबा_धक्का

खाडीत शिंगाळा लागतोच, म्हणून लिहितो. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, उभे राहिले की अडकून बसतात आणि विषारी असतात. ओल्या फडक्यात धरून पकडीने गळ काढायचा. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, त्या उष्णतेने विषाचा जोर कमी होतो आणि कळ उतरते. काटा आत मोडला असेल तर डॉक्टर. पाखटाच्या (स्टिंग रे) काट्यालाही हेच.

आणि शिंगाळ्याच्या तोंडात गोट्यांएवढी अंडी दिसली तर दचकू नका. नर अंडी तोंडात सांभाळतो. लगेच पाण्यात सोडा.

पवईजवळचा

गोड्या पाण्याला वसईच कशाला, पवईही आहे. कटला, रोहू. पण तिथे अँगलिंग असोसिएशनची परवानगी घेऊनच बसायचं. तलावात मगरी आहेत, पाण्यात पाय सोडून बसू नये.

वेसावची_लेक

पुन्हा आले, कारण पावसाळ्याबद्दल कुणी बोललं नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, माशांच्या विणीचे दिवस म्हणून. तेव्हा "जरा जवळच नेता का" असं कुणा नाखव्याला विचारू नका. काठावरून गळ टाकणारे असतात, पण त्या दिवसांत कातळावर माणूस वाहून जायला एक लाट पुरते. नारळी पुनवेनंतर दर्या निवळला की या.

तोवर हात शिवशिवत असतील तर ओहोटीला खाडीच्या कडेला चिंबोऱ्यांचे फग लावायला शिका. लोखंडी कडीला जाळं, मध्ये माशाचं डोकं बांधायचं, दोरीने सोडायचं आणि थोड्या थोड्या वेळाने झटक्यात वर ओढायचं. हळू ओढलंत तर चिंबोरी उतरून जाते. अवसेला चिंबोऱ्या भरलेल्या आणि पुनवेला पोकळ, असं आमची आजी सांगायची. अंड्यांची पिशवी पोटाखाली असलेली मादी मात्र कुठल्याही तिथीला परत.

दादरकर_आई

ताई, फग कुठे मिळतात? की घरी विणता?

वेसावची_लेक

कडी लोहाराकडून, जाळं मी देते. येत्या भांगाला मुलीला घेऊन या.