'हवा सोडा' म्हणजे नक्की काय करायचं?

खटका: आमच्या १० मीटर एअर पिस्तूल रेंजसाठी हवा भरायच्या सूचना मराठीत लिहितोय. पिस्तुलाचं सिलिंडर टाकीच्या ॲडॅप्टरवर हातानेच बसवायचं, टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, दाबाचा काटा २०० बारला आला की बंद. मग नळीत कोंडलेली हवा बाजूच्या स्क्रूने काढायची आणि त्यानंतरच सिलिंडर फिरवून काढायचं. तिथे मी 'हवा सोडा' लिहिलं. कच्चा मजकूर वाचून एक पोरगी विचारते, "म्हणजे टाकी परत उघडायची?" दुसरा शब्द सुचवा.

मोरपंखी: तिचं बरोबरच आहे. नगरपालिका पाणी सोडते म्हणजे पाणी सुरू होतं.

पंक्चरवाला: काहीतरीच! मास्तरांच्या सायकलची हवा सोडायचो, तेव्हा काय भरायचो?

शुद्धमती: 'वायुविमोचन करा'. संदिग्धता संपली. आणि प्रेशर नको, 'दाब' लिहा. 'दबाव'ही नको, तो आमदार आणतात.

खटका: दाबच लिहिलाय. वायुविमोचन मात्र मला पोरांना तोंडी समजवावं लागेल, मग कागद कशाला?

फिटरभाऊ: डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला की आम्ही 'एअर काढतो'. तेच लिहा. २०० बार म्हणजे २९०० पीएसआय, मोटारीच्या चाकात तीसेक असतात. कोंडलेल्या दाबामुळे सिलिंडर हाताने फिरत नाही, मग पोरं पाना शोधतात. घात तिथे आहे. 'हाताने फिरत नसेल तर थांबा, पाना लावू नका' हे ठळक हवं.

शुद्धमती: 'एअर' इंग्रजी आहे. 'नळी निर्वात करा' चालेल?

फिटरभाऊ: नाही. निर्वात म्हणजे आत हवाच नाही. इथे बाहेरच्याइतकी उरतेच.

पंक्चरवाला: भरताना सिलिंडर तापतं, निवलं की काटा उतरतो, तेही टाका. आणि वेल्डिंगवाल्याची ऑक्सिजनची टाकी कुणी लावू नये. तेल-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट. सिलिंडरवरची मुदतही बघा, स्पर्धेत ती नेमबाजाचीच जबाबदारी.

मोरपंखी: हे शब्दचर्चेत कशाला? मुद्दा 'सोडणे'चा. उपास सोडणे म्हणजे खाणं सुरू.

शुद्धमती: उपास 'सोडत' नाहीत, पारणं करतात.

पंक्चरवाला: पारणं एकादशीचं, द्वादशीला. आमच्याकडे संकष्टीचा उपास चंद्र दिसला की सोडतातच.

मोरपंखी: आणि श्रावणी सोमवारचा?