थंडी सुरू झाली की घरात कोळी, झुरळं, उंदीर… तुम्ही काय करता?

वडगावची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावच्या वडगावात, येळ्ळूर रोडच्या अंगाला राहतो, घराच्या मागं शेतवडच आहे. पुढचं घर स्लॅबचं आणि मागची खोली जुनी कौलारू, तिथं पूर्वी माग होते, आता जळण, अडगळ आणि भाताची पोती. दिवाळीला सगळी जळमटं काढली, माळे पुसले, आणि सुगी सुरू झाली तसं परत जैसे थे. कोपऱ्याकोपऱ्यात लांब पायाचे बारके कोळी, आणि न्हाणीत रात्री लाईट लावली की भिंतीवर हा एवढा तळहाताएवढा चपटा कोळी, जाळं नाही काही नाही, नुसता बसलेला. माझा तर जीवच जातो. त्यात फ्रिजच्या मागं बारकी झुरळं झालीत आणि माळ्यावर रात्री खुडबुड चालूच असते.
परवा थोरल्या लेकीच्या मानेवर लाल पट्टा उठला, त्यात बारीक फोड. सासूबाई म्हणाल्या कोळी मुतला, हळद-लोणी लावा. ह्यांचं म्हणणं सगळ्या घरात औषध फवारून टाकू, पण धाकटं अजून रांगतंय, दिसेल ते तोंडात घालतंय, म्हणून मी अडवून धरलंय. थंडी आहे तोवर हे असंच चालायचं की काही उपाय आहे? घरगुती असेल तर बरं.

खानापूर_साईड
वैनी, आधी जळण कुठं ठेवलंय ते बघा. आमच्याकडं बंबाला लागतंय म्हणून लोक पावसाळ्याआधीच फाटी फोडून भिंतीला टेकवून रचतात, आणि मग थंडीत त्यातलीच मोळी उचलून थेट न्हाणीत. कोळी, गोम, इंगळी सगळं त्या सालीखाली बसलेलं असतंय, ते आपणच काखेत मारून घरात आणतो. जळण भिंतीपासून हातभर लांब, खाली दोन दगड घालून जमिनीपासून वर, आणि आत आणायच्या आधी फाटं दगडावर आपटून घ्यायचं. आमच्या म्हाताऱ्यानं ही सवय लावली ती आजही सुटत नाही.
दुसरं म्हणजे पिंजार, भाताचं वाळलं गवत. मळणी झाली की गंजी घराला चिकटून घालायची नाही. भात कापलं की शेतातल्या उंदराला खायला राहत नाही, लपायला आडोसा राहत नाही, तो जवळचं घर गाठणारच, आणि उंदरामागनं जनावर येतंय हे सांगायला नको. घोणस तर थंडीतच जास्त दिसते आमच्यात, तेव्हा पिंजार काढताना पायात बूट आणि हातात काठी. कोळ्याला काय घाबरायचं ओ.

फवारणीवाला_टिळकवाडी
मी हेच काम करतो, बेळगावात पेस्ट कंट्रोलचं. धंद्याच्या विरोधात बोलतोय म्हणा, पण कोळ्यासाठी घरभर फवारणी करून घेऊ नका. कोळी पायाच्या टोकावर चालतो, झुरळासारखं पोट घासत जात नाही आणि पाय चाटत बसत नाही, त्यामुळं भिंतीवर मारून वाळलेलं औषध त्याला फारसं लागत नाही. थेट अंगावर मारलं तर मरेल, पण तेवढ्याला चप्पल पण चालते.
न्हाणीतला तो मोठा चपटा जाळं विणत नाही कारण त्याला गरज नाही, तो पळून शिकार धरतो आणि त्याचं आवडतं खाणं झुरळ. म्हणजे तो तिथं आहे याचा अर्थ तुमच्या मोरीतनं झुरळं वर येतात. पोटाखाली पांढरी चपटी टिकली घेऊन फिरणारा दिसला तर ती मादी, त्या टिकलीत शंभराच्या वर पिल्लं असतात. डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, बाहेर नेऊन सोडा. मुद्दाम डिवचलं तर चावतो, दुखतं, पण आपल्या घरातला हा कोळी जिवावर उठणारा नाही. लांब पायाचे बारके, जाळ्याला हात लावला की गदागदा हलतात ते, त्यांची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून जाळ्यात बसते, जाळी झाडूनं काढताना तिला पण पुंजक्यासकट काढून बाहेर टाकायचं, नुसती जाळी ओढून कोळी तिथंच ठेवला तर दुसऱ्या दिवशी परत जाळं तयार.
फ्रिजमागची बारकी झुरळं ही वेगळी जात. थंडीत त्यांना ऊब लागते म्हणून कॉम्प्रेसर, मिक्सर, गॅसखालचा ओटा इथं जमतात. त्यांना झुरळं मारायचं जेल लावा, मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, बिजागरीत, फटीत, बाळाचा हात पोचणार नाही तिथं. आणि जेल लावलं की त्याच जागी स्प्रे मारायचा नाही! लोक हमखास दोन्ही करतात, स्प्रेच्या वासानं झुरळ जेलकडं फिरकतच नाही आणि मग म्हणतात औषध भेसळीचं. एका अंडकोषात तीस-चाळीस पिल्लं असतात आणि ती मागनं बाहेर येतात म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत ठिपके द्यायचे.

निपाणीकर_आप्पा
एवढं कशाला. आमच्याकडं तंबाखूचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवायचा, गाळून कोपऱ्यात शिंपडायचं. कोळी नाही, ढेकूण नाही, मुंगी नाही. पैसा शून्य. आमच्या आजीच्या काळापासून चालू आहे.

कॅम्पातली_सिस्टर
आप्पा, राग मानू नका, पण रांगणाऱ्या पोराच्या घरात हे अजिबात नको. तंबाखूच्या पाण्यात निकोटिन उतरतं, ते कातडीतनं पण अंगात जातं. ओल्या तंबाखूत काम करणाऱ्या बायकांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात हे निपाणीवाल्यांना मी काय सांगू. बाळानं ती फरशी चाटली तर थेट दवाखाना. तसंच तो मुंग्यांचा खडू, तो पण औषधाचाच असतो आणि पोरांना पाटीवरचा वाटतो. आणि तान्ह्याच्या कपड्यात डांबरगोळ्या ठेवू नका, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात आणि कावीळ होते.
आता लेकीच्या मानेचं. कोळी मुतत-बितत नाही हो. फोटो नाही त्यामुळं खात्रीनं सांगत नाही, पण सुगीच्या दिवसात असा ओढल्यासारखा लाल पट्टा आणि त्यावर फोड घेऊन पोरं येतात तेव्हा बऱ्याचदा एक बारका किडा असतो. मुंगीसारखा दिसतो, लांबीला सेंटीमीटरभर सुद्धा नाही, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. तो भातातच राहतो, भातावरची कीड खातो म्हणून शेतकऱ्याच्या फायद्याचाच. कापणी झाली की उठतो आणि रात्री ट्यूबलाईटकडं येतो. चावत नाही, डंख मारत नाही, पण मानेवर बसला म्हणून आपण चिरडला की त्याच्या अंगातला रस कातडी भाजतो. लगेच काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी पट्टा उठतो, म्हणून मग दोष भिंतीवर दिसणाऱ्या कोळ्यावर. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवायचा, चिरडला गेलाच तर लगेच साबणानं धुवायचं आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही. हळद-लोणी बंद करा, फोडू देऊ नका, डॉक्टरला दाखवून घ्या. एकाच अंगाला पट्टा आणि आग आग होत असेल तर नागीण पण असू शकते.

वडगावची_सून
अय्या, सिस्टर, अगदी तसाच किडा आमच्या मागच्या दाराच्या ट्यूबखाली ढिगानं पडलेला असतो सकाळी! मी मुंग्या म्हणून झाडून टाकत होते. लेकीची अभ्यासाची जागा पण तिथंच आहे, त्या ट्यूबखालीच. संध्याकाळी दवाखान्यात नेते. मग ती ट्यूब काढू काय?

फवारणीवाला_टिळकवाडी
काढायची नाही, जागा बदला. दाराच्या डोक्यावर पांढरी ट्यूब म्हणजे शेतातल्या किड्यांना आवतण. ती दारापासून लांब कंपाउंडच्या खांबावर न्या आणि दाराला पिवळा एलईडी लावा, जुन्या ट्यूबच्या निळसर उजेडावर किडा जेवढा येतो तेवढा पिवळ्यावर येत नाही. किडा कमी झाला की कोळ्याला खायला राहत नाही, मग तो आपणहून जागा बदलतो. खिडकीला मच्छरजाळी, मोरीला बारीक जाळी, आणि दाराखाली रबराची पट्टी. सूर्य बुडाला की मागचं दार बंद, निदान सुगी संपेपर्यंत तरी.

खानापूर_साईड
माळ्यावरच्या खुडबुडीचं कुणी बोललंच नाही. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातनं बारका उंदीर आत येतोय. कौलांची आणि भिंतीची जिथं गाठ पडते तिथली फट बघा, नळ-वायरची भोकं बघा, आणि सिमेंटमध्ये काचेचा चुरा कालवून बुजवा. नुसती माती किंवा कापडाचा बोळा घातला तर एका रात्रीत उकरतोय, त्याचे दात जन्मभर वाढतात त्यामुळं त्याला काहीतरी कुरतडायलाच लागतंय. उंदीर मारायची काळी पावडर पिठात घालून ठेवू नका, पोर आहे घरात, ते पोटात गेलं तर त्याचा विषारी वायू होतो आणि त्याला उतारा नाही. धान्यात घालायच्या गोळ्या तर झोपायच्या घरात आणायच्याच नाहीत, कुणी किती पण सांगू दे. पिंजरा लावा, आत सुक्या खोबऱ्याचा तुकडा थोडा भाजून.
आणि पोती भाताचीच ठेवलीत ते चांगलं केलंत. तुसात आहे तोवर सोंडे लवकर लागत नाहीत, लागेल तसं गिरणीवर नेऊन तांदूळ करून आणायचा. फक्त पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला.

निपाणीकर_आप्पा
बरं सिस्टर, पटलं, पोराच्या घरात नको. पण आमच्या गोठ्यात चालू ठेवणार मी. आणि उंदराला मांजर का नाही कुणी सांगितलं? आमच्याकडं दोन आहेत, माळा गप्प.

वडगावची_सून
आप्पा, मांजर ह्यांना चालत नाही, शिंका येतात. जळण आजच हलवायला लावलंय, कुरकुर करत करायलेत. फवारणी रद्द. एकच सांगा, ती दाराखालची रबराची पट्टी हार्डवेअरवाल्याकडं मिळते का ऑनलाईनच मागवायची? मागचं दार जुनं सागवानी आहे, खालून एका बाजूला जास्त झिजलंय, फट तिरकी आहे.

फवारणीवाला_टिळकवाडी
हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फुटावर कापून देतात. तिरकी फट असेल तर रबर नको, ब्रशची पट्टी घ्या, ती खाली-वर सांभाळून घेते. आणि उंबरठ्याची दगडी खाच आधी सिमेंटनं सारखी करा, नाहीतर पट्टी लावून पण त्या कोपऱ्यातनं गोम येणारच.