मदत हवी आहे: २२ आठवडे, गर्भाला किडन्या नाहीत, डॉक्टर म्हणतात "कोर्टाची ऑर्डर आणा"

कडेकपारी

नात्यातल्या एका ताईंसाठी विचारतेय. सांगली जिल्हा, तालुक्याचं गाव. पहिलं बाळंतपण सिझेरियन. पाळीच्या तारखेनुसार आज २२ आठवडे ४ दिवस, आठव्या आठवड्यातली पहिली सोनोग्राफीही त्या तारखेशी जुळते. अ‍ॅनॉमली स्कॅन (गर्भातलं व्यंग शोधणारी सोनोग्राफी) उशिरा झाला. रिपोर्टमध्ये दोन्ही किडन्या दिसत नाहीत, मूत्राशय दिसत नाही, गर्भजल जवळपास नाही. त्याच रिपोर्टवर गर्भाचं वय मात्र २३ आठवडे १ दिवस छापलंय.

खासगी डॉक्टर म्हणाले, वीसच्या वर कोर्टाची परवानगी लागते, शिवाय नवरा आणि सासरे दोघांची सही हवी. नवरा दुबईत आहे.

कोर्टात जावं लागेल का? सही कोणाची? वय कुठलं धरायचं? किती दिवस हातात आहेत?

टाका_दोरा

कोर्ट लागत नाही. गर्भपाताच्या (एमटीपी) कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर (२४ सप्टेंबर २०२१ पासून लागू) वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. जगण्याशी विसंगत व्यंग हा त्यातला एक गट आहे. किडन्या नसल्या की गर्भजल तयार होत नाही आणि गर्भजलाशिवाय फुप्फुसं वाढत नाहीत. असं बाळ जन्मलं तरी तगत नाही, त्यामुळे ही केस वादाची नाही.

वय पाळीच्या तारखेचंच धरा. छापलेला आकडा मशीन डोक्याचा घेर आणि मांडीचं हाड मोजून काढतं, आणि या महिन्यांत तो दहा-बारा दिवस इकडेतिकडे होतो. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी पाळीशी जुळत असेल तर नंतरच्या स्कॅनवरून तारीख बदलत नाहीत. तो पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, नाहीतर घाईतला डॉक्टर २३.१ बघेल आणि हात झटकेल. म्हणजे चोवीस पूर्ण व्हायला दहा दिवस आहेत.

दुसरा स्कॅन फीटल मेडिसिनवाल्याकडे (गर्भाच्या आजारांचे तज्ज्ञ) करून घ्या, कलर डॉपलरसकट (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). पाणी नसलं की चित्र धूसर येतं आणि किडनीच्या जागी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी किडनीसारखी भासते. डॉपलरवर महाधमनीतून किडनीकडे जाणाऱ्या धमन्याच दिसल्या नाहीत की प्रश्न मिटतो. रिपोर्टमध्ये "जगण्याशी विसंगत" असा स्पष्ट शेरा मागा. "कोरिलेट क्लिनिकली" (तुम्हीच तपासून ठरवा) असं मोघम लिहिलेल्या कागदावर दुसरा डॉक्टर सही करायला कचरतो.

काळा_कोट

सहीचं सांगतो. संमती फॉर्म 'सी'वर, आणि तिथे फक्त त्या स्त्रीची सही. नवरा, सासरा, आईवडील कुणाचीही नाही. पालकाची सही लागते ती अठरा वर्षांखालील मुलगी किंवा मानसिक आजारी स्त्री असेल तेव्हाच. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात लिहिलंय की घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाची परवानगी असल्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. अविवाहित स्त्रियांनाही चोवीसपर्यंतचा मार्ग खुला झाला तो याच निकालात.

दोन डॉक्टरांचं मत फॉर्म 'ई'वर. मोठ्या सरकारी रुग्णालयात दोघे एकाच विभागात मिळतात, एका दिवसात काम होतं.

खासगीत जाणार असाल तर भिंतीवर लावलेलं फॉर्म 'बी' मान्यतापत्र वाचा. बऱ्याच नर्सिंग होमची मान्यता बारा आठवड्यांपुरती असते. ते डॉक्टर थेट "आमच्याकडे होत नाही" म्हणण्याऐवजी कोर्टाचं नाव सांगतात. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ पडेल.

नावाची काळजी असेल तर: ॲडमिशन रजिस्टर गोपनीय असतं, केसपेपर आणि ओटीच्या नोंदीत नावाऐवजी अनुक्रमांक लिहितात. कलम ५-ए नुसार नाव फोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

उंबरठा

डॉक्टरांना नुसता दोष देऊन उपयोग नाही. २०१२ चं परळी प्रकरण आणि २०१७ चं म्हैसाळ (दोन्हीकडे बेकायदा गर्भपातात स्त्रीचा जीव गेला) यांनंतर राज्यात बारा आठवड्यांवरचा प्रत्येक गर्भपात संशयाने बघितला जातो. लिंगनिदानाचा कायदा वेगळा, गर्भपाताचा वेगळा, पण तपासणीला येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकच. म्हणून लहान गावातला डॉक्टर अंग काढून घेतो. अ‍ॅनॉमलीचा सविस्तर रिपोर्ट आणि फॉर्म 'ई' फाइलला असेल तर त्याला घाबरायचं कारण उरत नाही, हे त्याला शांतपणे दाखवा.

कडेकपारी

खूप आभार. समजा दुसऱ्या स्कॅनमध्ये, सुट्ट्यांमध्ये दहा दिवस निघून गेले तर? आणि चोवीस हा आकडा आला कुठून?

काळा_कोट

चोवीसनंतर मेडिकल बोर्ड. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोलॉजिस्ट आणि राज्याने नेमलेले इतर. गर्भात गंभीर व्यंग असेल तर बोर्डच परवानगी देऊ शकतं, तेव्हाही कोर्ट नाही. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत, आणि मंजुरी मिळाली तर अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया, असं नियमात आहे. अर्जाची तारीख-वेळेसकट पोच घ्या. पोच नसेल तर ते तीन दिवस सुरूच होत नाहीत, "बोर्ड अजून बसलं नाही" एवढंच ऐकत बसाल.

उच्च न्यायालय लागतं ते व्यंग नसताना चोवीस ओलांडले असतील (उदा. बलात्कारातून राहिलेला गर्भ), किंवा बोर्डाने नकार दिला तर. सांगलीसाठी आता कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायची गरज नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करा, वकिलाला त्याच दिवशी अर्जंट सर्क्युलेशन (तातडीच्या सुनावणीची विनंती) घ्यायला सांगा. मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करा. आणि जीव वाचवायला तातडीने करावं लागलं तर कलम ५ आहे, तिथे आठवड्यांची मर्यादाच नाही.

उंबरठा

१९७१ च्या कायद्यात मर्यादा वीसची होती. २००८ मध्ये निकेता मेहता यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. गर्भाच्या हृदयातला दोष कळला तेव्हा वीस उलटून गेले होते. तिथून चर्चेला तोंड फुटलं आणि दुरुस्ती यायला २०२१ उजाडलं. राज्यसभेत ते विधेयक प्रवर समितीकडे पाठवा अशी मागणी झाली होती, ती मानली गेली नाही.

वाद अजून तिथेच आहे. एक बाजू म्हणते की चोवीसच्या पुढे गर्भ बाहेर जगू शकतो, म्हणून डॉक्टरांचा चाप हवा. दुसरी म्हणते की निर्णय बाईचा, मग गटांची यादी आणि बोर्ड कशाला? न्यायालयंही एका सुरात नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बोर्ड नको म्हणत असताना ३३ आठवड्यांना परवानगी दिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांना नाकारली. दुसऱ्या केसमध्ये गर्भ निरोगी होता, हा फरक लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर बोर्ड हा सल्लागार असावा, दरवाजा नसावा.

टाका_दोरा

दाखल होण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या.

आधीचं सिझेरियन पहिल्याच वाक्यात सांगा. मिफेप्रिस्टोनची २०० मिग्रॅची गोळी देऊन २४ ते ४८ तासांनी कळा आणणारं मिसोप्रोस्टॉल सुरू करतात. व्रण असलेल्या गर्भाशयात त्याचा डोस जपून ठरवतात, नाहीतर टाका उसवायची भीती असते. दोन-तीन दिवस राहण्याची तयारी ठेवा.

गर्भाचं हृदय आधी सोनोग्राफीखाली इंजेक्शनने थांबवणार का, आणि ते करणारे तिथे आहेत का? या वयाला ते ठरलेलं नसेल तर गर्भ काही वेळ जिवंत जन्मू शकतो, आणि सगळेच गोंधळतात.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन देणार का, ते विचारा. दूध येईल, ते थांबवायची गोळी डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

पुढच्या गरोदरपणासाठी गर्भाची शवतपासणी आणि जनुकीय तपासणी हवी असेल तर आधीच लेखी द्या. जनुकीय तपासणीचा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा. वॉर्डात सवयीने सगळं फॉर्मलिनमध्ये टाकतात, मग तो त्या तपासणीला निकामी होतो. दोन्ही पालकांच्या किडन्यांची साधी सोनोग्राफीही करा, कधीकधी एकाला जन्मतः एकच किडनी असते आणि त्याला पत्ताच नसतो. दुबईवाल्यांना तिकडेच करून रिपोर्ट पाठवायला सांगा.