मदत हवी आहे: स्वस्तातल्या रामेनला चव कशी आणू?

नमस्कार मंडळी, मी जपानमध्ये, ओसाकात शिकतेय. महिनाअखेरीला पाच पाकिटांचा स्वस्त रामेनचा (रश्शातल्या झटपट नूडल्सचा) गठ्ठा हाच आधार. उद्योजक मोमोफुकु आंदोंनी १९५८ मध्ये हे झटपट नूडल्स इथेच, ओसाकाजवळच्या इकेदात पहिल्यांदा बनवले, त्यामुळे दुकानात प्रकार भरपूर. पण आठवड्यातून चारदा तेच खाऊन जीव विटलाय. माझ्याकडे एकच शेगडी आणि एक पातेलं आहे.

आतापर्यंत जमलेलं सांगते. मूगाचे मोड आणि कोबी इथे स्वस्त मिळतात, ते शेवटच्या मिनिटाला घालते. अंडं फेटून उकळत्या रश्शात बारीक धारेने सोडते. सगळ्यात भारी म्हणजे आईने पाठवलेलं दाण्याचं कूट! दोन चमचे कूट, थोडी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) आणि लसणाची चटणी, की रस्सा दाट होतो आणि तानतानमेन या तीळ घातलेल्या इथल्या तिखट नूडल्सची आठवण येते. पाकिटातला मसाला अर्धाच वापरते, कारण एका पाकिटात साधारण ५ ग्रॅम मीठ असतं.

आता अडलंय ते असं. गोडा मसाला थेट रश्शात घातला तर कच्चट लागतो. आधी तेलात परतू का? मेतकुटाच्या गुठळ्या होतात, त्या कशा टाळायच्या? आणि रस्सा न ठेवता, फोडणीच्या शेवयांसारखे कोरडे नूडल्स कुणी करतं का? पाणी किती ठेवता, नूडल्स कधी निथळता, हे नीट सांगा ना. आमसूलही आहे थोडं, ते कुठे चालेल?