लिपिडला मराठीत काय म्हणावं? एका वाक्यावर अडले आहे

अनुवादिनी: शाळकरी मुलांसाठी जीवशास्त्राचा पाठ मराठीत आणते आहे. ‘पेशीपटल मेद आणि प्रथिनांचे बनलेले असते’ असं लिहून भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग हडकुळ्या माणसाच्या पेशींना पटल कुठून येतं?” तिचं काही चुकलं नाही, ‘लिपिड’ला मेद म्हटलं तो माझाच शब्द चुकला. तेलं, चरबी, मेण, कोलेस्टेरॉल अशा पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थांच्या या गटाला, लिपिडला, काय म्हणू?

जुनी वही: ‘स्निग्ध पदार्थ’ आहे की! कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ. आमची पिढी यावरच वाढली.

अनुवादिनी: तो आहाराच्या तक्त्यातला शब्द झाला, ग्रॅममागे ९ किलोकॅलरी देणाऱ्यांचा. कोलेस्टेरॉलमध्ये मेदाम्ल, म्हणजे तेला-चरबीचा मुख्य घटक, नसतंच, चार जोडकड्यांचा सांगाडा असतो. त्यापासून टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन तयार होतात. त्याला स्निग्ध कसं म्हणू? आणि मेणसुद्धा लिपिडच.

पाणिनीप्रेमी: ‘वसा’ घ्या. सुश्रुतसंहितेत शुद्ध मांसातल्या स्नेहाला वसा म्हटलंय.

रोखठोक: मराठी माणसाचा वसा उतायचा नाही, मातायचा नाही, टाकायचा नाही. तो वसा आणि ही वसा, मुलांनी लिंगावरून ओळखायचं का? शिवाय तुम्हीच सांगता की ती मांसातली. म्हणजे मेदाइतकीच अपुरी.

पाणिनीप्रेमी: मग ‘स्नेह’. आयुर्वेदात घृत, तैल, वसा, मज्जा असे चार स्नेह आहेत. सगळ्यांवर छत्र धरणारा शब्द तयार असताना परका कशाला?

अनुवादिनी: मलाही मोह झाला होता. पण पुढचंच वाक्य बघा. पटल ज्यांचं बनतं त्या लिपिडमध्ये, फॉस्फोलिपिडमध्ये, ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या दोन शेपट्या आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं. डोकी पाण्याकडे, शेपट्या पाण्याला पाठ करून आत, असे दोन थर समोरासमोर लागले की पटल. त्या डोक्याला आपण ‘जलस्नेही’ म्हणतो. म्हणजे ‘स्नेहाचं जलस्नेही डोकं’! एकाच ओळीत स्नेह म्हणजे तेलकटपणाही आणि ओढही.

रोखठोक: म्हणून म्हणतो, लिपिडच ठेवा. पाण्यात न विरघळणारे, ईथर-क्लोरोफॉर्मसारख्यांत विरघळणारे, एवढ्यावरच तर हा गट बांधलाय. रचनेचं साम्य नाही, तर अर्थवाही शब्दाचा हट्ट कशाला? ऑक्सिजनला रोज प्राणवायू म्हणतं का कुणी?

पाणिनीप्रेमी: मी म्हणतो. आणि तुम्हाला आवडो न आवडो, लिपिड आपल्याच गोतातलं आहे. १९२३ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गाब्रिएल बेर्त्राँ यांनी ग्रीक ‘लिपोस’वरून, म्हणजे चरबीवरून, हा शब्द केला. ‘लिपोस’ आणि संस्कृत ‘लिप्’ यांचं मूळ एकच. लेप, लिंपणं, सारी भावंडं.

जुनी वही: व्वा! मग लिपीसुद्धा?

पाणिनीप्रेमी: अर्थात. शाई लिंपायची ती लिपी.

रोखठोक: थांबा. आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीच्या अशोकलेखात ‘लिपी’च्या जागी ‘दिपि’ आहे. तो जुन्या फारसीतला शब्द, ‘लिप्’चा संबंध नंतर जोडलेला.

अनुवादिनी: तूर्त ‘लिपिडे’ लिहिते, पाठ उद्या द्यायचा आहे. पण लिपिडे की लिपिड्स?

पाणिनीप्रेमी: गिरनारच्या लेखात स्वच्छ ‘लिपी’ आहे, रोखठोक. तिथे शाई नव्हती, दगड होता, हे मात्र मान्य.