शब्दावर व्यवहार करणाऱ्यांनो, जरा इकडं बघा

टॉवेलवाला: सकाळी एकानं टाकलंय, "लिहून मागणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं, आपल्या सोलापुरात शब्दावर सूत मिळायचं." आणि खाली सगळे वा वा करालेत. मिळायचं की, आणि बुडायचं पण, ते कोण सांगत नाही. वडलांनी चुलत्यासोबत भागीत माग घातले, अक्कलकोट रोडला, कागद एक नाही. वडील गेले आणि तेराव्याच्या आत चुलत्याला आठवलं, दोन माग त्यांच्या एकट्याच्या पैशाचे. सगळा हिशोब ज्याच्या डोक्यात होता तोच गेला, आता विचारायचं कुणाला? चुलते खोटंच बोलत असतील असंपण नाही, त्यांना खरंच तसं आठवत असेल.

जुनीपेठकर: कागद असता तरी चुलत्यानं तेच केलं असतं. माझ्याकडं आहे की करारपत्र, सही-शिक्क्यासकट. तारखा चालूच आहेत, पोरगं कॉलेजात गेलं. पूर्वी शब्द फिरवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पेठेत कोण उधार देत नव्हतं, तो दंड कोर्टापेक्षा जबर होता.

सातरस्ता वकील: तोंडी करार कायद्यात चालतो ओ, 1872 चा करार कायदा सगळंच लेखी पाहिजे म्हणत नाही. सिद्ध कसं करणार हा प्रश्न. उसन्या पैशाचा दावा साधारण 3 वर्षांत टाकावा लागतो, तारीखच कुठं नाही तर 3 वर्षं कुठनं मोजणार? व्हॉट्सॅपवर "40 हजार मिळाले, दिवाळीला देतो" एवढं आलं तरी पुष्कळ.

घरमालक: म्हणून मी भाडेकराराची दर 11 महिन्याला नोटरी करतो. 11 महिन्याला रजिस्टर लागत नाही.

सातरस्ता वकील: लागतं! 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम 55. लेखी आणि नोंदणी केलेला करार, जबाबदारी मालकाची. नसला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. वर 5000 पर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

घरमालक: आली वकिली! सगळं शहर नोटरीवर चालालंय, सगळे येडे का?

भाड्यानं राहणारा: डिपॉझिटवर कोणच बोलंना. जुळे सोलापूरला होतो, मालक म्हणाले पाणी रोज. सोलापुरात, रोज! नळ चार दिवसाआड, टँकर माझ्या खिशातनं, आणि सोडताना रंगाचे म्हणून 10 हजार कापले. कुठल्या कागदावर होता ओ तो रंग?

घरमालक: भिंतीला खिळे ठोकून चाळण करता तुम्ही लोक, ते कोण लिहून देतंय?

भाड्यानं राहणारा: कॅलेंडरचा एक खिळा होता मालक. एक.

जुनीपेठकर: भांडा. बरं वकील मॅडम, मानलं, कागद पाहिजे. पण 2024 ला 100 चा स्टँप 500 केलाय सरकारनं. पाव्हण्याला 2 हजार द्यायचे आणि 500 चा स्टँप आणायचा का?

सातरस्ता वकील: 2 हजाराला स्टँप कोण मागालंय? मेसेज टाका.

जुनीपेठकर: मेव्हण्याला मेसेज टाकला की बायको जेवण बंद करती. ते कुठल्या कलमात बसतंय तेवढं सांगा.

टॉवेलवाला: विषय भागीदारीचा होता बे, तुम्ही नळ, खिळा करत मेव्हण्यापर्यंत आलात. ज्यांचे भागीत माग आहेत त्यांनी या महिन्यात हिशोब लिहून दोघांच्या सह्या घ्या. मुहूर्त बघू नका.

घरमालक: मॅडम, ते ऑनलाईन रजिस्टर घरात बसून होतंय म्हणे? पटलं म्हणून नाही, नुसतं विचारतोय.