उसात बसलेला हात द्राक्षात चालतो का?

कृष्णाकाठ (धागा सुरू करणारा)

हल्ली आपल्या सांगली जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकरी मेळाव्यात एक वाक्य ठरलेलं असतं: जोखीम घेतली तोच पुढं गेला. मग तासगावच्या द्राक्षबागा दाखवायच्या आणि वाळवा-पलूसच्या ऊसवाल्याला म्हणायचं, तू फडातच राहिलास. मला हे पटत नाही. का पटत नाही ते हिशोबानं मांडतो, ज्यांना उलट वाटतं त्यांनीही हिशोबानंच मांडावं.

प्रश्न नेमका ठेवू. चार एकर रान, नदीकाठची काळी माती, बारमाही पाणी, घरातली दोन माणसं राबणारी. ऊस चांगला येतोय. त्यातलं दोन एकर मोडून द्राक्ष लावायचं का?

माझं मत, नाही. ज्यात हात बसलाय तेच आणखी खोल न्यावं. पाच फुटी सरीत दोन फुटांवर एक डोळ्याचं रोप लावलं तर एकरात 4,350 च्या आसपास रोपं बसतात. बेटाला नऊ-दहा ऊस तोडणीपर्यंत टिकले की एकरी 40 हजार ऊस. ऊस दोन किलोचा भरला तर 80 टन, दीड किलोचा भरला तर 60. लढाई एवढीच आहे, बेटातली संख्या आणि एका उसाचं वजन. नांग्या (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) पंधरा-वीस दिवसांत भरल्या नाहीत तर मागून लावलेलं रोप शेजारच्या सावलीत बसतं ते बसतंच. मोठी बांधणी (उसाला मातीची भर देणं) लांबली तर फुटवे निघत राहतात. उशिराचे फुटवे जगत नाहीत, पण मरेपर्यंत खत खातात. पुष्कळांचा ऊस 40 टनांवर अडतो तो इथं, आणि दोष पिकाला देतात.

भावाचंही बघा. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान ऊसदर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) क्विंटलमागे 355 रुपये ठरली, वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. कारखान्याचा उतारा 12 टक्के धरला तर टनाला 4,155 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. भावाला कायद्यानं तळ बांधून दिलेलं दुसरं पीक आपल्या शिवारात दाखवा. हा आधार सोडून हवामानावर दोन एकर लावणं याला मी धाडस म्हणत नाही.

मांडवाखाली

अण्णा, हिशोब बरोबर आहे, पण त्यात वेळ धरलेला नाही. 80 टन हे आडसालीचे आकडे. जुलै-ऑगस्टला लावण, तोडायला सोळा ते अठरा महिने. तेवढे दिवस रान अडकून. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत बिल आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज लिहिलंय, ते व्याज मागून मिळवलेले शेतकरी शोधून काढावे लागतात.

आता द्राक्षाचं. नऊ बाय पाचवर एकरात 968 वेली. वेलीला 35 घड, घड सरासरी 300 ग्रॅमचा धरला तर दहा टन. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून चार-साडेचार महिन्यांत माल तयार, दरवर्षी एक पीक. खाऊचा (ताज्या द्राक्षांचा) बाजार पडला तर तोच माल बेदाण्याला. उसाला असा दुसरा दरवाजा नाही. गुळाचं म्हणाल तर गुऱ्हाळं किती उरलीत ते तुम्हीच सांगा.

आणि ‘हात बसलाय तेच करावं’ हे तासगावनं ऐकलं असतं तर? त्या माळावर ज्वारी-बाजरी काढणारी माणसं होती, द्राक्षात कुणाचाही हात बसलेला नव्हता. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून तास-ए-गणेश निवडून काढलं, ते बागेत रोज फिरून वेल वेलीपासून वेगळी ओळखू लागल्यावर. हात कामाला लागल्यावर बसतो. आधी बसवून मग काम सुरू करू म्हटलं तर ते काम कधीच सुरू होत नाही.

निचरा

तासगावचं उदाहरण सगळे देतात, तिथली माती कुणी बघत नाही. तो माळ मुरमाड आहे. सकाळी पाऊस उघडला की दुपारी त्या बागेत ट्रॅक्टर घालता येतो. द्राक्षात या एका गोष्टीवर साल तरतं किंवा बुडतं. फळछाटणीनंतर फुलोऱ्याच्या आसपास पाऊस झाला, पान रात्रभर ओलं राहिलं, की डावणी (केवडा, बुरशीचा रोग) येते. फवारा लगेच पडावा लागतो. नदीकाठच्या काळ्या रानाला वाफसा यायला तीन-चार दिवस. ब्लोअर (ट्रॅक्टरचा फवारणी पंप) बांधावर उभा आणि आत डावणी पानावरून घडावर गेलेली. औषध महाग नव्हतं, चुकीचं नव्हतं, फक्त चार दिवस उशिरा पडलं. म्हणून तासगावनं अनोळखी पिकाची जोखीम घेतली हे खरं असलं, तरी ती आपल्या मातीच्या जोरावर घेतली. तीच बाग उचलून भिलवडीच्या काळ्या रानात ठेवली की ताकद मागं राहते आणि नुसती जोखीम सोबत येते.

पण कृष्णाकाठ अण्णांनाही सांगतो, ऊस हा सुरक्षित किनारा नाही. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात क्षारपड झालेली रानं कशानं झाली? पाटानं मोकळं पाणी, त्याच रानात ऊस, खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून फुटलेला ऊस), पुन्हा ऊस, आणि निचऱ्याला जागा नाही. पाण्याची पातळी वर येते, पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. पहिल्यांदा उगवण विरळ होते, मग उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं दिसतं. तोवर कैक वर्षं गेलेली असतात. ही पण जोखीमच आहे, हळू चालणारी असल्यामुळं कुणी तिला जोखीम म्हणत नाही.

ज्यांचं रान त्या वाटेवर आहे त्यांच्यासाठी: नुसते क्षार असतील तर जिप्सम टाकून पैसे घालवू नका, क्षार वाहून जायला वाट द्या. सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल, म्हणजे रान चोपण झालं असेल, तरच जिप्सम, आणि तेही निचऱ्यासोबत. सच्छिद्र पाईप साडेतीन-चार फूट खोल टाकतात. पाईप पडतात आणि योजना फसते ती एकाच कारणानं: पाणी सोडायचा नाला पाईपपेक्षा उंच निघतो. आधी नाला मोजा. एकट्याच्या चार एकरात हे होत नाही, खालच्या बांधवाल्याला बरोबर घ्यावं लागतं.

बेदाणा शेड

दोघा भाऊंनी झाडं मोजली, पण हात बसणं म्हणजे काय ते राहिलं. उसात बसलेला हात म्हणजे पाणी आणि नत्र. रान कोरडं दिसलं की पाट सोडायचा, पान पिवळट दिसलं की युरिया. ऊस हे सोसतो, पुष्कळदा मानवतोही. द्राक्षात हाच हात चालवला तर पीक मे-जूनमध्येच जातं, आणि कळतं ऑक्टोबरात.

कसं ते सांगते. एप्रिलमध्ये खरड छाटणी (जुनी काडी कापून नवी फूट काढायची). काडी सात-आठ पानांची झाली की शेंडा मारून सबकेन (बगलेतून निघणारी उपकाडी) घ्यायची. छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवस हा घड ठरायचा काळ. डोळा अजून कोवळा असतो, त्याच्या आत घड व्हायचा की बाळी (वेलीचा नुसता तणावा), ते तेव्हा ठरतं. डोळ्यावर ऊन पडलं पाहिजे, पाणी हात राखून, नत्र जवळजवळ बंद. शेंड्याकडची पेरं लांबायला लागली, पान मोठं आणि लुसलुशीत दिसायला लागलं, तर नवखा माणूस खूश होतो की बाग जोमात आहे. जाणता माणूस त्याच दिवशी ठिबकचा वेळ कमी करतो आणि सीसीसीचा (वाढ रोखणाऱ्या औषधाचा) फवारा काढतो. कॅनॉपीत (पानांच्या छतात) दाटी झाली, आभाळ राहिलं, नत्र चढलं, की डोळा बाहेरून टपोरा आणि आतून रिकामा. ऑक्टोबरात छाटणी होते, डोळे फुटायला पेस्ट लावली जाते, फूट छान निघते, आणि पाचव्या-सहाव्या पानाजवळ घडाच्या जागी बाळी वळवळताना दिसते. त्यावर कसलाही फवारा नाही. म्हणून जाणते बागायतदार छाटणीआधी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घेतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते बघून कात्री लावतात. उसातल्या माणसाला हा खर्च फुकटचा वाटतो.

बेदाण्याचा दुसरा दरवाजा आहे, पण तो कुठल्याही मालाला उघडत नाही. माल 22 ब्रिक्सच्या (गोडीचं माप) पुढं हवा. बेदाण्यात ओलावा 15 टक्के धरा, 22 ब्रिक्सला चार किलोला एक किलो बेदाणा पडतो, 18 ला पावणेपाच किलो लागतात, आणि तो बारीक, सुरकुतलेला, भावात शेवटी. म्हणजे पावसाला भिऊन लवकर उतरवलेला माल शेडवर आणला की वजनातही मार आणि सौद्यातही. बुडवणीचं द्रावण लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, घड दोन ते चार मिनिटं, मग जाळीवर बारा-पंधरा दिवस सावलीत. त्यात अवकाळी आला तर रंग जातो, हिरवा-पिवळा बेदाणा काळपट होतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालं ते रंग आणि गोडी टिकवणाऱ्यांच्या जिवावर, पडेल माल वाळवणाऱ्यांच्या नव्हे.

लोखंडी फाळ

चर्चा पिकात अडकली. यश जोखमीनं येतं याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात रुळाच्या कडेला उभा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईची शिकवण्याची नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमीन विषारी होते, सुरुवातीला नांगर खपत नव्हते. तरी 1910 ला औंध संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना नेला, तीच किर्लोस्करवाडी. ताकदीला चिकटून राहिले असते तर सायकलीच विकत बसले असते.

खानापूर घाट

फाळ दादा, हेच उदाहरण उलटं वाचून बघा. मुंबईत ते यांत्रिकी शिकवायचे. सायकल दुरुस्ती, कडबा कापायचं यंत्र, नांगर, सगळं लोखंडाचंच काम. माळ नवा होता, जागा औंधच्या राजांनी दिली होती, हात जुनाच. नांगर विकत फिरणाऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील होते. म्हणजे विक्रीलाही गावोगाव माणसं ओळखणारा माणूस धरला होता.

आमच्या खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांचंही (सोनं-चांदी गाळणाऱ्यांचंही) तेच. दुष्काळी भागातली पोरं देशभरच्या सराफ पेठांत गेली. बाहेरून बघणाऱ्याला केवढी जोखीम! पण पोरगं आधी गावच्याच माणसाच्या भट्टीवर राहतं. सोन्यातली भेसळ काढायची तर सोन्यात अडीच-तीन पट चांदी मिसळून गाळायचं, पत्रा पातळ करायचा, मग तेजाबात (नायट्रिक आम्लात) टाकायचं. चांदी कमी पडली तर तेजाब आतपर्यंत जात नाही, सोन्यात चांदी राहते. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत बसवायची. हे अंगात मुरल्यावरच वेगळं दुकान. मुलूख अनोळखी, भाषा अनोळखी, भट्टी मात्र ओळखीची. दोन्ही गोष्टी एकदम अनोळखी असलेला माणूस तिथं टिकत नाही.

कृष्णाकाठ

घाटावरच्या भाऊंचं पटलं. निचऱ्याचंही मान्य करतो, क्षारपडीची किंमत मी हिशोबात धरली नव्हती. पण मग माझं म्हणणं आणखी पक्कं होतं. दोन एकर द्राक्षात घालण्याऐवजी तोच पैसा ठिबक आणि निचऱ्यात घालावा. पुराचं कुणी काढलं नाही. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. शेंड्यावरून पाणी लवकर उतरलं तर ऊस वाचतो. मांडव आडवा झाला तर तारांसकट पुन्हा उभा करायचा, आणि कर्ज तसंच.

मांडवाखाली

पूररेषेत बाग कुणीच लावा म्हणणार नाही. आणि ताईंनी सांगितलेलं सगळं शिकता येतं. घाईनं नव्हे, क्रमानं. फेब्रुवारी-मार्चमध्ये डॉगरीज जातीची खुंटरोपं (ज्यांवर कलम बांधायचं), ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम, पुढच्या फेब्रुवारीत रिकट (कलम परत छाटणं), त्या ऑक्टोबरात पहिली फळछाटणी. पहिला घड हातात यायला दोन वर्षं. तेवढ्यात शेजारच्या बागेची एक खरड आणि एक फळछाटणी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बघून होते. अण्णा, हा हात बसवायचाच काळ आहे.

एक चूक मात्र हमखास होते. प्रयोग म्हणून अर्धा एकर लावतात. अर्ध्या एकराला ब्लोअरवाला वेळेवर येत नाही, विरळणीची (घडातले मणी कमी करणारी) टोळी येत नाही, व्यापारी गाडी वळवत नाही. मग म्हणतात द्राक्ष फसलं. लावायचं तर शेजारी बाग असलेल्या बांधाला लागून लावा, म्हणजे टोळी आणि औषध एका फेरीत होतं. दोन तुकडे असतील तर फळछाटणी पंधरा दिवसांच्या अंतरानं घ्या, एका पावसात दोन्ही फुलोरे सापडत नाहीत. आणि माल काट्यावर गेला की पैसे त्याच दिवशी घ्या. बाहेरचा व्यापारी पहिल्या दोन गाड्या रोख घेतो, तिसरी उधारीवर नेतो आणि दिसत नाही, हे दर हंगामात घडतंय.

बेदाणा शेड

काळ्या रानाचं उत्तर यात आलं नाही, भाऊ. शिकलेला माणूस चिखलात ब्लोअर घालू शकत नाही.

निचरा

चार एकर सगळे सारखे नसतात. नदीकडचा उतार आणि वरचा माथा यात बऱ्याचदा मातीच बदलते. माथ्यावर तीन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल खड्डा काढा. दीड-दोन फुटांवर मुरूम लागला तर पुढं बोलू. काळीच माती लागत राहिली तर खड्डा काठोकाठ पाण्यानं भरा. तिसऱ्या दिवशीही तळाला पाणी असेल तर तिथं मांडव उभा करू नका, कितीही शिकला असाल तरी. ऊस ठेवा, ठिबक करा, दोन खोडव्यांनंतर एकदा हरभरा किंवा ताग घाला.

मांडवाखाली

खड्ड्याचं मान्य. पण तो सप्टेंबर संपायच्या आत काढा. रोपं लावायच्या गडबडीत फेब्रुवारीत काढलेला खड्डा नदीकाठीही कोरडाच दिसतो.